कीबोर्डची डावी बाजू

९ सप्टेंबर, मंगळवार

मुकुलचा फोन. काम नक्की! १ ऑक्टोबरपासून रोज पंधराशे शब्द, संध्याकाळी पाचच्या आत. ऐकायच्या गोष्टींची कंपनी आहे – लोक म्हणे पोळ्या लाटताना, गाडी चालवताना गोष्टी ऐकतात. त्या लिहून द्यायला माणसं हवीत. मुकुल आमच्या पेपरच्या डेस्कवर शिकाऊ म्हणून आला तेव्हा बातमीचा पहिला परिच्छेद कसा छाटायचा ते मी त्याला दाखवलं होतं. आता तो मला काम देतोय. ‘सर, अट एकच. लॅपटॉप तुमचा. कॅमेरा चालू पाहिजे, रोज दहा मिनिटं मीटिंग असते.’

लॅपटॉप नाही. होता तो ऑफिसातला कॉम्प्युटर, ऑफिसचाच. ३१ जानेवारीला पेपर बंद झाला, तेव्हापासून कीबोर्डला हात लावलेला नाही. मोबाइलवर उजव्या अंगठ्याने भागतं.

‘आनंद झाला ना?’ नलिनीने विचारलं. बायकोने विचारलं की उत्तर द्यावं लागतं. म्हटलं, झाला. ती कुकर लावायला गेली.

१० सप्टेंबर

जुना घ्यायचा असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

नलिनी – ‘पितृपक्षात वस्तू घेत नाहीत रे.’

‘नवी घेत नाहीत. मी जुनी घेतोय.’

‘आपल्या दारात पहिल्यांदा येते ती नवीच. मग दुसऱ्याने दहा वर्षं वापरलेली का असेना.’

पंचवीस वर्षांपूर्वी ही आमच्याच पेपरात प्रूफं वाचायची. हिच्या हातून चूक सुटत नाही आणि वादही सुटत नाही. शेवटी तोडगा निघाला. पंधरवड्यात फक्त बघायचं, पारखायचं. घरी आणायचा तो घटस्थापनेला, २२ तारखेला. मला बरंच आहे. बाजार थंड असला की दुकानदार घाई करत नाही.

दिवसभर वाचून, व्हिडिओ बघून टिपणं काढली. मशीन आपल्यासमोर थंड असताना सुरू करायला लावायचं – आधीच चालू करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं असतं. पोटाखालच्या चिठ्ठीवरचा नंबर आणि आतला नंबर एकच हवा. पडदा पूर्ण पांढरा, मग काळा करून मेलेले ठिपके शोधायचे. बिजागरी एका हाताने उघडून बघायची. प्रत्येक खाचेत पेनड्राइव्ह घालायचा. अर्धा तास व्हिडिओ लावून बूड किती तापतं ते बघायचं. आणि कीबोर्ड. माझ्यासाठी कीबोर्डच खरा. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

११ सप्टेंबर, गुरुवार

घाटकोपर पश्चिम. पंतनगरातल्या घरून पूल ओलांडून गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मालक नंदू – चाळिशीचा, कपाळाला दिवा बांधलेला. बारीक स्क्रू काढताना लागतो म्हणे. गिऱ्हाइकाशी बोलताना विझवतो, हे आवडलं.

‘बघा साहेब, निवांत बघा. पंधरवड्यात कोण फिरकतंय इकडे!’

निवांत बघितलं. नंबर जुळले. बॅटरीचा अहवाल काढला – नवी असताना भरायची त्याच्या पाऊण हिश्श्याहून जास्त अजून भरते. चार्जरची पिन हलवून पाहिली, दिवा गेला नाही. पडद्यावर उजवीकडे खाली एक काळा ठिपका! नंदूने बोटाने पुसला. माशीचा होता.

मग कीबोर्ड. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट चालू केला आणि हात ठेवून नेहमीचं लिहिलं. डेस्कवर नवीन कॉम्प्युटर आला की मी हेच लिहायचो – देवनार, गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी.

पडद्यावर आलं – दवनार, गवंडी, चंबूर, घाटकपर, विक्रळी.

पुन्हा लिहिलं. एक-दोन मात्रा आल्या, बाकी नाहीत. एकार आणि ओकार, दोन्ही डाव्या टोकाच्या बटणांवर.

नंदूने एका बोटाने ती बटणं दाबली. ‘आला की!’

‘तू ठोकतोयस. लिहिताना असं ठोकत नाहीत.’

‘मग बसली असतील थोडी. पोरं गेम खेळतात ना साहेब, पळायचं-मारायचं सगळं डाव्या हाताने. ती तीन-चार बटणं आधी जातात. कीबोर्ड बदलून देतो, वरचे हजार द्या.’

म्हटलं, उघडलेलं मशीन नको.

‘उघडली नाय अशी मशीन माझ्याकडे नाय. तुम्ही म्हणजे साहेब, ऑपरेशन पाहिजे पण टाके नकोत!’

हसलो. नंबर दिला, त्याचा घेतला, निघालो. गेमचं त्याचं म्हणणं मात्र पटलं. हे टिपणात नव्हतं, घातलं.

१२ सप्टेंबर

नाही कुठे गेलो. विशेष काही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

मरोळची औद्योगिक वसाहत. एका गाळ्यात कंपन्यांचे टाकून दिलेले लॅपटॉप येतात, शेकड्याने. टेबलांवर भाजीसारखे मांडलेले. कृणाल नावाचा मालक, कानात सतत फोन. एका मशीनला दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, असा नियम. डेडलाइन असली की मी बरा असतो. चार मशीनं बघितली.

पहिलं उघडलं तर जुन्या कंपनीचं नाव आलं आणि पासवर्ड मागू लागलं. मालक बदलला हे मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याची बिजागरी सैल, पडदा मान टाकतो. तिसरं, चौथं चांगलं – पंखा शांत, आवाज स्वच्छ, कॅमेऱ्यात माझं तोंड. बरंच म्हातारं दिसतं.

दोन्हींवर लिहिलं. दवनार. घाटकपर. पुन्हा तेच!

कृणालला हाक मारली. त्याने एक हात कानाशी ठेवून दुसऱ्याने बटणं दाबली, दोनदा मात्रा आल्या.

‘काका, अशे दोनशे पीस गेले. कोण नाय बोललं.’

‘मी सव्वीस वर्षं टाइप करतोय.’

‘मग तुम्हालाच कळणार,’ म्हणाला आणि फोनवर परत गेला.

बरोबर आहे. मलाच कळणार. दोन दुकानं, तीन मशीनं, दोष एकच. आमच्याकडे दोन सूत्रांनी दुजोरा दिला की बातमी लागायची.

१४ सप्टेंबर, रविवार

‘डेस्क’ ग्रुपवर टाकलं. डेस्क म्हणजे आम्ही बंद पडलेल्या पेपरातली चाळीस-बेचाळीस माणसं. त्यातले निम्मे सध्या जुना लॅपटॉप शोधणारेच असतील. लिहिलं –

‘जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी सावध. घाटकोपर पश्चिमेला जिन्याखालचं नंदूचं दुकान आणि मरोळचा कृणालचा गाळा – दोन्हीकडे स्वतः तपासलं. कीबोर्डची डावी बाजू मेलेली. मशीन वरून चकाचक. गेमिंगला वापरलेला माल. लिहिण्याच्या कामाचा नाही.’

पाच ओळी. सात महिन्यांनी काहीतरी लिहिलं – तेही अंगठ्याने.

पटापट अंगठे आले. ‘दशरथ म्हणतोय म्हणजे खरंच.’ ‘थँक्यू, वाचलो.’ कोणीतरी पुढे पाठवलं, आणखी कोणीतरी आणखी पुढे. चांगलं वाटायला हवं होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शिवदासचा फोन, नेहमीसारखा. वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, क्रीडा पान लावायचा. अजून पेपरच्या आठवणीने रडतो. परवा म्हणे रद्दीवाल्याकडे आपलंच जुनं पान दिसलं, फुटपाथवरच बसला. मी ऐकतो. हं हं करतो. शेवटी म्हणाला, ‘तुझं बरंय बाबा. तुला काही होत नाही.’

फोन ठेवल्यावर नलिनी – ‘खरंच काही होत नाही तुला?’

काय होणार? शेवटच्या दिवशी सगळे फोटो काढत होते, गळ्यात पडत होते. कोणीतरी शेवटचं पान लावायला हवं होतं. मी लावलं. वेळेच्या वीस मिनिटं आधी सोडलं. एकही चूक नाही, नलिनीने दुसऱ्या दिवशी तपासलं. घरी आलो, जेवलो, झोपलो. तेव्हा आतमध्ये चाचपून बघितलं होतं – काही दुखतंय का. काही नव्हतं. अजूनही चाचपतो कधीमधी. नाही.

हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, ‘डोक्यात लॅपटॉप आहे सध्या.’

‘मेल्या, डोक्यात लॅपटॉप आणि लॅपटॉपात डोकं,’ ती म्हणाली.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुलुंडला गेलो होतो. जाहिरात बघून. श्रुतिका नावाची मुलगी, तेविशीची, नोकरी लागली, ऑफिसने लॅपटॉप दिला, म्हणून आपला विकतेय. तीन वर्षांचा, एकहाती, बिल जपलेलं. तिच्या आईने आल्याबरोबर चहा टाकला. माणसाच्या घरून घेतलेलं बरं असतं, वस्तू कुठे ठेवली जायची ते दिसतं. हा पुस्तकांच्या कपाटात, वर रुमाल.

सगळं नीट. अर्धा तास व्हिडिओ लावला तरी बूड कोमट. मनातल्या मनात घेतलाच होता. मग कीबोर्ड.

दवनार. गवंडी.

चहाचा कप खाली ठेवला. होईल तेवढं हळू विचारलं, ‘गेम खेळायचीस का गं यावर?’

‘मी? गेम?’

आई आतून – ‘तिला पत्ते पिसता येत नाहीत हो!’

म्हटलं, डावीकडची बटणं गेलीत. किंमत कमी करावी लागेल. मुलीचा चेहरा पडला. लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि दहा बोटांनी लिहायला लागली. इंग्रजी, भराभर, पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती. सगळी अक्षरं आली. एकही गळालं नाही.

‘बघा.’

‘पुन्हा लिही.’

पुन्हा लिहिलं. पुन्हा सगळं आलं. मग माझ्याकडे सरकवला. ‘आता तुम्ही लिहा, काका.’ मी लिहायला लागलो. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

‘काका, तुमची करंगळी बटणावर आहे. पण दाबत नाहीये.’

मी बघितलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बटणांवर ठेवलेली. दोन पाहुण्यांसारखी.

तिने तळहात पुढे केला. ‘माझा हात दाबा. ह्या दोन बोटांनी.’

दाबला.

‘दाबा ना.’

‘दाबतोय.’

तिने हात मागे घेतला. आई दारात आली होती. ‘साखर तपासलीत का अलीकडे?’

चहा संपवला. चांगला होता, गवती चहा घातलेला. म्हटलं, तुमचं मशीन उत्तम आहे, मागताय ती किंमत सोडू नका. आणि निघालो.

१८ सप्टेंबर

नलिनीला सांगितलं नाही. बाथरूममध्ये करंगळीला टाचणी टोचून पाहिली. टोचली, हे दिसलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच नंदूचा फोन. आवाज चढलेला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं.

‘साहेब, तुम्ही पेपरवाले का?’

‘होतो.’

‘असल्फ्याच्या क्लासची ऑर्डर होती माझी. सहा पीस, नवरात्रात द्यायचे. टीचरने काल कॅन्सल केली. तुमचा मेसेज दाखवला मला. माझं नाव, माझी गल्ली, सगळं. मी बोललो होतो ना, कीबोर्ड बदलून देतो? ते नाय लिहिलंत.’

‘नाही लिहिलं.’

‘एक फोन करायचात. नंबर घेतलात तुम्ही माझा. पेपरात तरी विचारत असाल ना समोरच्याला?’

विचारतो. नवख्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो – ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी फोन लाव, तो काय म्हणतो ते एका ओळीत तरी घे. त्याशिवाय माझ्या डेस्कवरून बातमी पुढे जात नसे. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. आणि हे जे दोन सूत्रांचं मी मनाशी म्हटलं होतं – सूत्र एकच होतं. मशीन बदलत होतं, हात तोच.

‘नंदू, दोष तुझ्या मशीनमध्ये नव्हता. माझ्या हातात आहे.’

‘म्हणजे?’

सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं. आणि मागे वळलो तर नलिनी उभी, हातात लाटणं.

तिने लाटणं ठेवलं. माझा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, प्रूफ वाचते तसा जवळ धरून. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग चेपला. तिथे खड्डा पडलाय. मला दिसला नव्हता.

‘म्हणून तू टी-शर्ट घालायला लागलास.’

‘काय संबंध?’

‘बटणं, दशरथ! शर्टाची बटणं!’

मार्चपासून टी-शर्टच घालतोय. का, ते मी स्वतःला विचारलंच नव्हतं. उन्हाळा होता.

२० सप्टेंबर, शनिवार

ग्रुपवर खुलासा टाकला –

‘१४ तारखेला मी दिलेली माहिती चुकीची होती. नंदू आणि कृणाल यांच्या मशीनांचे कीबोर्ड व्यवस्थित आहेत. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत जोर नाही, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोघांची बाजू न विचारता लिहिलं. दिलगीर आहे. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी हेही पुढे पाठवावं.’

दोन नमस्कार आले. एकाने विचारलं, हाताला काय झालं? पुढे कोणी पाठवलं नाही. खुलासा सातव्या पानावर तळाला लावायचो आम्ही. तो कोणी वाचत नाही हे लावणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं.

म्हणून असल्फ्याला स्वतः गेलो. क्लास चालवणाऱ्या शर्मिष्ठा टीचर. वर्ग चालू होता, बाहेर आल्या.

‘म्हणजे कीबोर्ड ठीक?’

‘कीबोर्ड ठीक. मी नाही.’

जरा विचार केला त्यांनी. दोन लॅपटॉप त्यांनी दुसरीकडून घेऊन टाकले होते, ते परत होणार नाहीत. चार नंदूकडून घेतील. तिथूनच त्याला फोन लावला, माझ्यासमोर. मी मरोळलाही फोन केला. कृणालने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कोण काका?’ त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

परत येताना नंदूच्या जिन्याखाली थांबलो. पहिल्या दिवशी बघितलेलं मशीन तसंच होतं. म्हटलं, हेच दे. सोमवारी नेतो.

‘दया म्हणून घेऊ नका साहेब.’

‘चांगलं आहे म्हणून घेतोय. बॅटरीचा अहवाल बघितलाय मी.’

‘माशीचा ठिपका फुकट,’ म्हणाला. दिवा कपाळाला लावला, परत विझवला. ‘डॉक्टरला हात दाखवा आधी. मशीन कुठे पळत नाय.’

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

लॅपटॉप घरी आला. घट बसवून झाल्यावर नलिनीने त्याला हळद-कुंकू लावलं – झाकणावर, नेमकं कॅमेऱ्याच्या मागे. पुसू दिलं नाही.

लिहून पाहिलं. एका तासात दोनशे दहा शब्द, त्यातली वीस मिनिटं गाळलेल्या मात्रा भरण्यात. पूर्वी तासाला हजार व्हायचे. करंगळीचं काम मधल्या बोटाला द्यायला गेलो तर बाकीची बोटं आपापलं घर विसरतात. या चालीने पंधराशे शब्दांना सात तास. पाचची मुदत, म्हणजे सकाळी दहाच्या आधी बसायचं आणि उठायचंच नाही. आणि गोष्ट सुचायची कधी?

मुकुलला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नाही. ‘सर, आता बोलून लिहिता येतं. तुम्ही बोला, ते टाइप होतं.’ प्रयत्न केला. पडद्यासमोर बसून बोलायला लागलो तर वाक्यच येईना. तोंड उघडून बसलो होतो. वाक्य बोटांतून येतं, हे आज कळलं. मुकुल म्हणाला, पहिला महिना सांभाळून घेऊ सर, आठशे शब्द द्या. पण नोव्हेंबरपासून पूर्ण लागतील, माझ्या हातात नसतं.

घाबरायला हवं. तारखा मांडल्या, तास मांडले. घाबरल्यासारखं काही सापडलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरकडे. नलिनी बरोबर. डॉक्टर म्हणजे तरुण बाई, बोलण्यात काटकसर. मी लॅपटॉप तपासत होतो तशीच तपासणी, एकेक बोट वेगळं. दोन बोटांत कागद धरायला सांगितला आणि ओढला. सुटला. मनगटापाशी करंट दिला, कोपरापाशी दिला, वेग मोजला. करंट मनगटापासून व्यवस्थित धावतो, कोपराशी अडखळतो. मान ठीक. साखर ठीक. मेंदूचं काही नाही.

‘कोपराला ठेच लागली की झिणझिण्या येतात ना, ती नस. ती दबलीय. रोज, तासन्‌तास, टणक कडेवर. कोपर कुठे टेकवता?’

‘कुठेच नाही.’

‘सहा-सात महिने तरी टेकवत असणार.’

‘नाही टेकवत.’

‘मग आठवा. याला गोळी नाही. दाब थांबला तर नस तीन-चार महिन्यांत सावरेल, कदाचित आणखीही लागतील. थांबला नाही तर ही दोन बोटं आखडत जातील. मग ऑपरेशन. आणि त्यानंतर पूर्वीसारखं टायपिंग होईलच, असं मी म्हणणार नाही.’

रात्री कोपराला बांधायचा पट्टा लिहून दिला. नलिनी सगळा वेळ गप्प होती. रिक्षातही गप्प.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कोपर शोधतोय. घरातली प्रत्येक जागा बघितली. जेवणाचं टेबल – डावा हात मांडीवर असतो. खुर्चीला हातच नाहीत. झोपतो उजव्या कुशीवर. मोबाइल उजव्या हातात. नलिनीला विचारलं. म्हणाली, ‘बघू.’ नुसतं ‘बघू’! एरवी एक स्वल्पविराम सोडत नाही.

मग वार्ताहरासारखं दिवसाचं टिपण ठेवलं. सहा ते सात चालणं. सात चहा, पेपर (दुसऱ्यांचे). नऊ अंघोळ. दहा ते बारा टायपिंगचा सराव, दोन्ही कोपरं हवेत – मुद्दाम बघितली. एक जेवण. दोन ते साडेतीन वामकुक्षी, उजव्या कुशीवर. चार – पूर्वी ड्युटीला निघायची वेळ. चार ते सात विशेष काही नाही. साडेसात बातम्या. नऊ जेवण.

सगळं टिपून झालं. कोपर कुठेच टेकत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

समोरच्या इमारतीत दिवे लागले तेव्हा जाणवलं, डाव्या कोपराखाली काहीतरी मऊ आहे. खिडकीच्या कडप्प्याच्या टणक कडेवर नलिनीची छोटी उशी. ती कधी सरकवली, कळलं नाही. मी तिथे कधी येऊन बसलो, तेही नाही.

नलिनी मागेच होती. विचारलं, किती वेळ झाला?

‘चारपासून. रोज. फेब्रुवारीपासून.’ मग म्हणाली, ‘मला वाटलं, तुला माहीत आहे.’